बैल घेतो पारखून, कुत्रा आणतो सिनेमा पाहून



गुरांच्या बाजारात बैल घ्यायला निघालेला शेतकरी आपण सर्वांनीच पाहिला आहे. तो एकटा जात नाही. एखादा जाणता काका किंवा मामा सोबत घेतो. बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवतो. वशिंड चाचपतो, खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलून बघतो, दहा पावले चालवून पाहतो. मारका आहे का, बसका आहे का, विकणारा कशासाठी विकतो आहे, हे चार जणांना विचारतो. मन भरले नाही तर रिकाम्या हाताने घरी येतो आणि पुढच्या बाजाराची वाट पाहतो. हा जीव आता आठ-दहा वर्षे आपल्या दावणीला राहणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

हाच शेतकरी, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, कुत्र्याचे पिलू मात्र कसे आणतो? सिनेमा पाहिला, मोबाईलवर चित्र पाहिले, लेकराने हट्ट धरला, आणि संध्याकाळी पिशवीतून पिलू घरात! त्याचे आई-बाप पाहिले नाहीत, मोठेपणी ते केवढे होईल हे विचारले नाही, आपल्या उन्हात ते टिकेल का याचा विचार केला नाही. आणि हे पिलूसुद्धा दहा-बारा वर्षे जगणार असते, बैलाइतकेच.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने धानावरचा तुडतुडा सोडून कुत्र्या-मांजरांवर का लिहावे? त्याचे कारण असे, की तीस वर्षांच्या नोकरीत मी चिमूर परिसरातील शेकडो घरांच्या ओसरीवर बसलो आहे. पूर्वी अंगणात गेलो की गाय, बैल, कोंबड्या आणि दारात सैल बसलेला गावठी कुत्रा दिसे. आता काही घरी साखळीला बांधलेला परदेशी जातीचा कुत्रा दिसतो. वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरी गेलो तर नुसती साखळी दिसते. "कुत्रा कुठे गेला?" असे विचारले की घरातील माणसे एकमेकांकडे पाहतात. त्या रिकाम्या साखळीविषयी मला आज बोलायचे आहे.

आपल्या देशातील माणसाला पडद्यावरच्या प्राण्याचे वेड जुने आहे. १९७१ साली 'हाथी मेरे साथी' आला. राजेश खन्नाच्या त्या चित्रपटातील रामू हत्तीसाठी बायाबापड्यांनी पदराने डोळे पुसले. हत्ती काही कोणाच्या गोठ्यात मावणारा नव्हता, म्हणून ते वेड तिथेच थांबले! १९८५ च्या 'तेरी मेहरबानियाँ' मध्ये मालकाच्या खुनाचा सूड घेणारा कुत्रा आला. १९८९ च्या 'मैंने प्यार किया' मध्ये चिठ्ठी नेणारे कबूतर आले. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' मध्ये टफी नावाचा पांढराशुभ्र, झुपकेदार कुत्रा सोयरीक जुळवून गेला. तसली पांढरी कुत्री शहरांत आधीपासून होतीच, पण त्या चित्रपटानंतर कितीतरी घरांत कुत्र्याचे नाव टफी झाले. नागपूरकडच्या माझ्या नातेवाइकांच्या एकाच गल्लीत मी टफी नावाचे तीन कुत्रे पाहिले आहेत. एकाला हाक मारली की तिघेही धावत.

पुढे २००३ च्या सुमारास दूरदर्शन संचावर हच या मोबाईल कंपनीची जाहिरात लागू लागली. लहान मुलगा जाईल तिकडे त्याच्या मागे चपट्या नाकाचा, सुरकुतलेल्या तोंडाचा छोटा कुत्रा. हा 'पग' जातीचा. त्याआधी ही जात आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. जाहिरात लागली आणि पगला मोठी मागणी आली. कित्येक जण त्याला 'हचवाला कुत्रा' म्हणूनच ओळखू लागले.

आता त्या चपट्या नाकाचा विचार करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. नाक चपटे आणि श्वासाची वाट अरुंद असली, की हे काम धड होत नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी बारानंतर माणूस घराबाहेर पडत नाही. अशा ठिकाणी पत्र्याच्या छपराखाली पग बांधणे म्हणजे त्या मुक्या जिवाचा श्वास कोंडण्यासारखे आहे. जाहिरातीत त्याचे मागे-मागे धावणे दिसले. त्याची धाप कोणाला दिसली नाही.

हे वेड केवळ आपल्याकडचे आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत कुत्र्यांच्या जातवार नोंदी ठेवणारी अमेरिकन केनेल क्लब नावाची जुनी संस्था आहे. घिरलांडा, अचेर्बी आणि हर्झॉग या तीन अभ्यासकांनी तिच्या अनेक वर्षांच्या नोंदी आणि कुत्र्यांचे चित्रपट यांचा मेळ घालून पाहिला आणि २०१४ साली तो प्रसिद्ध केला. १९४३ साली 'लॅसी कम होम' आल्यावर पुढच्या दोन वर्षांत कॉली जातीच्या कुत्र्यांची नोंदणी ४० टक्क्यांनी वाढली. १९५९ च्या 'द शॅगी डॉग' नंतर तर ओल्ड इंग्लिश शीपडॉग या केसाळ जातीची नोंदणी शंभर पटींनी वाढली. एखाद्या चित्रपटाचा असा परिणाम दहा-दहा वर्षे टिकतो, असेही त्यांना आढळले.

याच मंडळींनी त्याआधी, २०१३ साली, आणखी एक गोष्ट तपासली होती. लोकांना ज्या जाती फार आवडतात, त्या अधिक निरोगी असतात काय? स्वभावाने गरीब असतात काय? जास्त जगतात काय? उत्तर आले, नाही. लोकप्रियतेचा आणि गुणांचा संबंध नाही; जशी कपड्यांची फॅशन येते-जाते, तशीच कुत्र्यांची. म्हणजे अमेरिकेचा शिकलेला माणूससुद्धा कुत्रा घेताना दात पाहत नाही, पोस्टर पाहतो!

मग दोष सिनेमाचा म्हणावा का? मला तसे वाटत नाही. सिनेमा हा खेळ आहे आणि खेळात सोंग असायचेच. आपल्या झाडीपट्टीतील माणसाला हे सांगायला नको. धान निघाल्यावर रात्र-रात्र आपण नाटके पाहतो. राजाचे काम करणारा गडी सकाळी वावरात जातो, हे आपल्याला माहीत असते. त्याच्या मुकुटाला सोने समजून कोणी सावकाराकडे गहाण ठेवायला नेत नाही. मग पडद्यावरचा कुत्राच तेवढा खरा का समजावा?

सोंग कसे असते तेही ऐका. लॅसी ही कथेत मादी आहे, पण त्या १९४३ च्या चित्रपटात तिचे काम 'पाल' नावाच्या नराने केले. १९९६ साली आलेल्या '१०१ डाल्मेशियन्स' या चित्रपटात ठिपक्यांची गोजिरवाणी पिले आहेत. ती पिले चित्रीकरण चालू असतानाच मोठी होत, म्हणून पुन्हा पुन्हा नवी आणावी लागत. एकूण दोनशेहून अधिक पिले वापरली गेली. पडद्यावर ती शेवटपर्यंत पिलेच राहिली. ज्यांनी चित्रपट पाहून पिलू घरी नेले, त्यांच्याकडे मात्र ते वाढले. डाल्मेशियन हा जुन्या काळी घोडागाडीबरोबर कोसच्या कोस धावणारा कुत्रा. त्याला दोन खोल्यांत डांबले की तो घर उपसणारच. पुढे अमेरिकेतील प्राण्यांच्या निवाऱ्यांत नकोसे झालेले डाल्मेशियन येऊ लागले. इंग्लंडात 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका पाहून बर्फातील हस्की कुत्रे घेतले गेले आणि इतके सोडून दिले गेले, की २०१७ साली त्या मालिकेतील नट पीटर डिंकलेज यालाच लोकांना आवाहन करावे लागले: असे कुत्रे उगाच विकत घेऊ नका.

पडद्यावरच्या कुत्र्याला शिकवणारा माणूस चौकटीच्या बाहेर उभा असतो. कुत्र्याने चटई फाडली, अंथरुणात घाण केली, तो भाग कापून टाकतात. आपल्या घरात कापाकापी करणारा कोणी नसतो. सगळेच दिसते.

कुत्र्यावरून पाखरावर येतो, कारण हा विषय आपल्या वावराच्या अधिक जवळचा आहे. इंग्रजीतील हॅरी पॉटर या जादूगार मुलाच्या गोष्टींवर २००१ पासून चित्रपट येऊ लागले. त्या मुलाजवळ हेडविग नावाचे पांढरे घुबड असते, टपाल नेणारे. ते बर्फाळ प्रदेशातले घुबड. आपल्याकडे ते नाही. पण चित्रपट पाहून आपल्या शहरांतील मुले घुबड मागू लागली. 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेसाठी पक्ष्यांच्या व्यापाराचा शोध घेणारे अब्रार अहमद यांच्याकडे तर ओळखीच्या एका बाईंनी मुलाच्या वाढदिवसाकरिता जिवंत पांढरे घुबड मिळेल का, अशी विचारणा केली. त्यांचा घुबडांच्या चोरट्या व्यापारावरील अहवाल नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशात घुबडांच्या तीसेक जाती. त्यांपैकी १५ जातींची खरेदी-विक्री होताना आढळली. मोठे कारण अर्थातच जादूटोणा आणि अघोरी पूजा हे होते. परंतु त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरपायी शहरी मध्यमवर्गात मुलांना घुबड भेट देण्याचे विचित्र खूळ आले आहे, हेही बोलून दाखवले.

गंमत पाहा. ज्या घुबडाला आपण अशुभ म्हणून दगड मारतो, त्यालाच शहरातील माणूस पैसे मोजून पिंजऱ्यात घालतो. दोन्हीकडे मरण घुबडाचे, आणि नुकसान आपले. गव्हाणी घुबड हा उंदरांचा काळ आहे. घरट्यात पिले असली, की जोडी रात्रभर उंदीर वाहून नेते. मलेशियातील पाम तेलाच्या मळ्यांत याच घुबडासाठी मुद्दाम लाकडी पेट्या लावतात, उंदीर आवरावेत म्हणून. आपल्या बांदीत धान पोटरीवर आले की उंदीर कसा धिंगाणा घालतो, हे मी तुम्हाला काय सांगावे! बांधावर इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे चार पक्षिथांबे रोवा, घुबड आपसूक येऊन बसेल. हा पगार न मागणारा राखणदार आहे. त्याला पिंजऱ्यात घालून तो कोणाचेच काम करीत नाही.

आणि हा गुन्हाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातील घुबड, पोपट, मैना, कासव पकडणे, विकणे किंवा पाळणे याला बंदी आहे. "साहेब, मिठू तर आमच्या आज्याच्या काळापासून पिंजऱ्यात आहे," असे सांगणारे मला भेटतात. आज्याच्या काळी तो कायदा नव्हता, आता आहे. यात्रेत कोणी कापडाखाली झाकून पोपटाची पिले विकत असेल, तर लेकरू कितीही रडले तरी घेऊ नका. एक पिलू विकत घेतले म्हणजे पुढच्या वर्षी आणखी एका झाडाची ढोली फोडायला पैसे दिले, असाच त्याचा हिशेब आहे.

आता आपल्या तालुक्यातील एक हकीकत सांगतो. गावाचे आणि घराचे नाव सांगत नाही. गाव जंगलाला लागून, घरी पाच एकर, धान आणि सोयाबीन. मुलगा बारा-तेरा वर्षांचा. २०२२ साली '७७७ चार्ली' नावाचा कन्नड चित्रपट हिंदीतही आला. एकलकोंडा माणूस आणि त्याच्या आयुष्यात आलेली लॅब्राडोर कुत्री, अशी ती गोष्ट. मुलाने तो मोबाईलवर पाहिला आणि जेवण सोडले. पैशासाठी कुत्र्यांची वीण घेणाऱ्या माणसांपायी जनावराचे किती हाल होतात, हे त्या चित्रपटातच दाखवले आहे. पण मुलाने पाहिली फक्त चार्ली. बापाने सोयाबीनच्या पैशांतून नागपूरहून पिलू आणले. ज्याच्याकडून आणले, त्याने त्याची आईसुद्धा दाखवली नाही.

चार महिने कौतुकात गेले. मग पिलाचा कुत्रा झाला. लॅब्राडोर मोठा झाला की २५-३० किलोंचा होतो, आणि त्याची भूक त्याच्या अंगाप्रमाणे असते. बाप मला म्हणाला होता, "साहेब, कुत्रा नाही जी आणला, जावई आणला!" आम्ही दोघेही हसलो होतो.

पुढे रोवणी आली. घरातील सगळी माणसे सकाळपासून बांदीत, मुलगा शाळेत, कुत्रा दिवसभर खांबाला. तो भुंकून शेजार डोक्यावर घेई. एकदा दोर तोडून त्याने शेजाऱ्याच्या दोन कोंबड्या मारल्या. भांडण झाले, कोंबड्या भरून द्याव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने कुत्र्याला ओळखीच्या मालगाडीत घातले आणि पंधरा-वीस किलोमीटरवर एका ढाब्याजवळ उतरवून दिले. मुलगा शाळेतून आला तेव्हा सांगितले, "पळून गेला."

मुलाने दप्तर ठेवले आणि कोणाला न सांगता विजेरी घेऊन कुत्रा शोधायला निघाला. ते दिवस पावसाचे, आभाळ भरलेले. दोनच दिवसांपूर्वी गावाजवळ वाघ दिसला होता आणि संध्याकाळनंतर एकट्याने बाहेर पडू नका म्हणून गावात दवंडी झाली होती. दिवेलागणीला मुलगा घरी नाही हे आईच्या लक्षात आले. मग काय झाले असेल ते जंगलाकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. अर्धे गाव काठ्या, कुऱ्हाडी, विजेऱ्या घेऊन निघाले. दोन तासांनी मुलगा तलावाच्या पाळीवर सापडला. कुत्र्याला हाका मारून-मारून त्याचा आवाज बसला होता. केसालाही धक्का लागला नव्हता. नशीब त्या आईचे.

त्या रात्री बापाने खरे सांगितले. सकाळी बाप-लेक दोघे ढाब्यावर गेले. कुत्रा जिथे उतरवला होता तिथेच बसला होता. ढाब्यावरचा माणूस म्हणाला, "काल सकाळपासून इथंच बसून हाये जी. भाकर टाकली तं हुंगत नाही. गाडी आली का उठते, पाह्यते, अन् पुन्हा बसते."

ही हकीकत मला बापानेच त्याच्या बांधावर उभे राहून सांगितली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, माह्या बापाचा म्हातारा बैल मी दावणीलेच मरू दिला. शेवटचे दोन वर्षं त्यानं एक तास काढला नाही, तरी वैरण घातली. अन् ह्याले मी रस्त्यावर सोडून आलो. बैलाले सोडलं नसतं मी." पोरगा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. आज कुत्रा घरी आहे. त्याला पिसाळ रोगाची लस टोचली आहे, नसबंदी केली आहे, आणि त्याचे खाणे-पिणे मुलगा पाहतो.

वाचकहो, सगळ्याच कुत्र्यांना घेऊन जायला कोणी परत येत नाही. मग त्यांचे काय होते?

पहिली गोष्ट बिबट्याची. आपल्या राज्यात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यातील ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे गावाकाठी मोकाट कुत्री वाढवणे हे बिबट्याला ताट वाढून ठेवण्यासारखे आहे. आपण तर ताडोबाच्या शेजारी राहतो. कुत्र्यामागे आलेला बिबट्या अंगणातील लेकरू आणि कुत्रा यांत फरक करीलच, अशी हमी कोण देणार?

दुसरी गोष्ट रोगाची. लस न टोचलेल्या कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा रोग फिरतो आणि तो जंगलातील प्राण्यांनाही लागतो. २०१८ साली गुजरातेतील गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले. तपासणीत याच रोगाचे विषाणू सापडले. आपल्याकडे कोलारा फाटकातून वाघ पाहायला जगभरचे लोक येतात आणि त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. त्या वाघाचे आरोग्य आपल्या गावातील कुत्र्याच्या आरोग्याशी बांधलेले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर, ती पिसाळलेल्या कुत्र्याची. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की औषध चालत नाही. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नका. तडक सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने घ्या. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबू नका. मंत्राने हा रोग उतरत नाही.

जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल अशी आशा नको. हा प्रश्न आपल्या मनाच्या लाजेवरच सोपवावा लागतो.

मग कुत्रा पाळूच नये काय? अवश्य पाळावा! शेतकऱ्याच्या घरी कुत्रा हवाच. पण बैल पारखतो तसा पारखून आणावा. त्यासाठी चार प्रश्न घरात सर्वांनी बसून स्वतःला विचारावेत.

एक, रोवणी, कापणी, लग्नसराई या दिवसांत याला खायला-प्यायला कोण घालील? घरातील एका मोठ्या माणसाचे नाव ठरले पाहिजे. लेकराचे नाव धरू नका. लेकरू उद्या शिकायला बाहेरगावी जाईल. बारा वर्षे म्हणजे ४,३८० दिवस. दिवसाला दोन वेळा म्हटले तर ८,७६० वेळा त्याच्यापुढे ताट ठेवायचे आहे. चित्रपट तीन तासांत संपतो.

दोन, आपल्या उन्हात, पावसात, जागेत ही जात टिकेल काय? आपल्या मातीतील गावठी कुत्रा हजारो वर्षे याच हवेत वाढला आहे. पडद्यावर त्याला काम मिळत नाही, म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. शेजारच्या घरी पिले झाली असतील तर तिथूनच एक आणा. आई डोळ्यांसमोर असते, तिचा स्वभाव ठाऊक असतो, पैसेही पडत नाहीत. मात्र दोन महिने होईपर्यंत पिलू आईपासून तोडू नका.

तीन, लस आणि नसबंदी करणार काय? दीड-दोन महिन्यांचे पिलू झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, पहिल्या लसी आणि जंताचे औषध द्या. तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस, आणि पुढे दरवर्षी. कुत्री साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोनदा विऊ शकते. त्या पिलांना घर देणे आपल्याला जमणार नसेल, तर नसबंदी हाच दयेचा मार्ग.

चार, तो म्हातारा झाला, आंधळा झाला, राखण करेनासा झाला, तरी आपल्या दारात मरेल काय? या प्रश्नाला मनापासून 'होय' म्हणता येत नसेल, तर पिलू आणू नका. त्यात कमीपणा नाही. बाजारातून रिकाम्या हाताने परतणारा शेतकरी शहाणाच असतो.

आणि लेकराच्या हट्टाचे काय, असे घरच्या माउल्या विचारतील. त्याचे उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. लेकरे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, खाऊ मिळवतात, मनसोक्त मिरवतात. खरा बैल मात्र मोठ्यांच्या हाती असतो. लेकराच्या हौसेला लाकडी बैल पुरतो. त्याला वैरण लागत नाही, तो आजारी पडत नाही, माळ्यावर ठेवला तरी रुसत नाही. ते लेकरू आधी गोठ्यात रोज पाणी घालू लागो, वासराच्या अंगावरच्या गोचिड्या काढू लागो, सहा महिने हे काम न चुकवो. मग त्याच्या हातात पिलू द्यायला माझी हरकत नाही. तोवर सिनेमा बघा, हसा, रडा. पण पडदा विझल्यावर घरी परतताना हात मोकळेच असू द्या.